कॅलगरीतल्या जुन्या घरातला गॅस फायरप्लेस: ठेवू की बदलू?

मृण्मयी_वायव्य:
नमस्कार मंडळी. नॉर्थवेस्टला १९९४चं घर घेतलंय. हॉलमध्ये मूळचाच गॅस फायरप्लेस आहे, पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) कायम जळणारा. बंद असला की त्यातून गार झोत येतो, काचेवर पांढरट थर आहे. डिसेंबरात सासू-सासरे साताऱ्याहून येतायत आणि दीड वर्षाची लेक काचेला हात लावायला टपलेलीच असते. एक मित्र म्हणतो व्हेंट (धूर बाहेर नेणारी नळी) नसलेला घ्या, खर्च वाचतो. दुसरा म्हणतो, सरळ इलेक्ट्रिक. काय करू?

रोहित_एडमंटन:
इलेक्ट्रिक दिसायला छान, लेकीच्या दृष्टीनेही बरा. पण १५०० वॉट म्हणजे जेमतेम पाच हजार बीटीयू (तासाला किती उष्णता मिळते त्याचं माप). उणे तीसला त्याच्यावर भरवसा ठेवू नका. आमचा शोभेलाच आहे.

सांगलीकर_गॅसफिटर:
ताई, मित्राचं ऐकू नका. व्हेंट नसलेला कॅनडात घरात बसवायला परवानगीच नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत चालतो, म्हणून नेटवर दिसतो. जळलेल्या गॅसची वाफ आणि धूर सगळा तुमच्याच हॉलमध्ये.

आता तुमचा. खालची जाळी उघडा, आत पत्र्याची पट्टी असेल, तिच्यावर मॉडेल, बीटीयू आणि व्हेंटचा प्रकार लिहिलेला असतो. वर्ष बघता बी-व्हेंट असावा. तो जळायला घरातलीच हवा घेतो. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट लावला की धूर उलटा घरात येऊ शकतो. मी असतो तर बदलला असता. डायरेक्ट व्हेंट घ्या: काच सीलबंद, दुहेरी पाइप, बाहेरच्या नळीतून हवा आत, आतल्या नळीतून धूर बाहेर. दुकानदार कार्यक्षमतेचा जो आकडा फेकेल तो सोडा, एनरगाइडचा, म्हणजे कॅनडा सरकारच्या कार्यक्षमता मोजणीचा, विचारा. तो ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतो, साठच्या पुढचा बघा.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते आकारात. चाळीस हजार बीटीयूचा हौसेने लावतात आणि थोड्या वेळात खिडकी उघडून बसतात. मध्यम हॉलला वीस-पंचवीस हजार पुष्कळ, आणि ज्योत कमी-जास्त करता आली पाहिजे.

वीज गेली तर? घर तापवणाऱ्या फर्नेसचा पंखा थांबतो. कायम पायलटवाल्यात पायलटच्या उष्णतेवर अर्धा-पाऊण व्होल्ट तयार होतो, तेवढ्यावर व्हॉल्व्ह उघडतो, म्हणून तो विजेशिवाय चालतो. नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा घेतलात तर बॅटरी बॅकअप आहे का, ते आधी विचारा. फायरप्लेसची गरम हवा फिरवणारा पंखा मात्र विजेवरच चालतो.

लेकीसाठी: काच दोनशे अंशांवर जाते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. २०१५ पासून नव्या युनिटबरोबर संरक्षक जाळी येते. तुमच्या जुन्याला नसणार, म्हणून बदलेपर्यंत कुंपण लावाच.

मृण्मयी_वायव्य:
दादा, खूप आभार! बदलायचं ठरलं. पण तोवर तो थर घरच्या काचेच्या स्प्रेने पुसला तर? आणि सासूबाईंना फायरप्लेसच्या वरच्या मँटेलवर (फळीवर) देव मांडायचेत.

सांगलीकर_गॅसफिटर:
अमोनियावाला स्प्रे अजिबात नको. फायरप्लेसच्या काचेचा वेगळा क्लीनर मिळतो. काच पूर्ण गार झाल्यावर, मऊ फडक्याने. थर साचू दिला की काचेत कोरला जातो, मग निघत नाही. आतले शोभेचे ओंडके हलवू नका. मी काच उघडतो तेव्हा निम्म्या घरांत कुणीतरी ते ‘छान दिसावेत’ म्हणून सरकवलेले असतात. ज्योत त्यांना आपटते आणि काजळी धरते. उन्हाळ्यात पायलट बंद ठेवा, फुकट गॅस जातो. सप्टेंबरात लायसन्सवाल्याकडून वार्षिक सर्व्हिस. बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं सापडणं नेहमीचंच. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. गॅसचा वास आला तर दिवे-स्विच काही न करता बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

देवांचं म्हणाल तर मँटेलची उंची मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तेवढं अंतर ठेवा. पण कापसाची वस्त्रं, वाती, तेल तिथे नको. सासूबाईंना खिडकीजवळचा कोपरा द्या, तिथे ऊनही येतं.

रोहित_एडमंटन:
चिनूक वाऱ्याने (रॉकी पर्वतावरून येणाऱ्या जोरदार गरम वाऱ्याने) पायलट विझतो का हो तुमच्याकडे?

सांगलीकर_गॅसफिटर:
विझतो. जास्त वाऱ्यासाठीची वेगळी टोपी मिळते व्हेंटला, ती लावून घ्या. आणि बर्फ पडला की बाहेरचं तोंड मोकळं करायचं, ते काम मोठ्यांनीच करावं.