मदत हवी आहे: लेकीला डॉक्टर व्हायचंय, पण आधीच्या चार वर्षांवर किती पैसे घालावेत?

नमस्कार मंडळी,

लांबलचक लिहितेय, आधीच माफ करा. गेले तीन महिने घरात दुसरा विषय नाही आणि आता आमची आमच्यातच गाडी अडली आहे.

आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. लेक अकरावीत आहे. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न नाही. मुलगा आठवीत. नवरा आयटीत, मी अर्धवेळ काम करते, दोघांचं मिळून वर्षाला १ लाख ६५ हजार डॉलरच्या आसपास येतात. ऐकायला बरं वाटतं, पण २०२४ मध्ये नवऱ्याची नोकरी आठ महिने नव्हती, त्यात शिल्लक बरीच उडाली. आज लेकीच्या शिक्षणासाठी ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) ६८ हजार आहेत. त्यात चार वर्षं भागतील का हा माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न असा, की चार वर्षांनंतर मेडिकलची आणखी चार वर्षं समोर उभी असताना या ६८ हजारांना आत्ता हात लावावा का?

भारतातल्या मंडळींसाठी थोडं सांगते. इथे बारावीनंतर थेट एमबीबीएससारखं काही नसतं. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग मेडिकल स्कूल. प्रीमेड, म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, हा काही पदवीचा विषय नव्हे. बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑर्गेनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री हे कोर्सेस केले, की इतिहासात पदवी घेतली तरी चालतं. पण मेडिकलला प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५११-५१२ असतो. आणि दरवर्षी अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना कुठेच प्रवेश मिळत नाही. म्हणजे कर्ज काढून महागडी पदवी घ्यायची आणि पुढे मेडिकल मिळालंच नाही, हेही धरून चालायला हवं.

त्यात नवीन कायदा आलाय. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या त्या मोठ्या विधेयकात ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद केलंय. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख, एवढंच मिळणार. खासगी मेडिकल स्कूलचा वर्षाचा खर्च राहण्या-खाण्यासकट ९० हजारांच्या पुढे सहज जातो. मधली दरी कोण भरणार? खासगी बँक, म्हणजे सहकर्जदार आम्ही. आईवडिलांनी मुलांच्या पदवीसाठी घ्यायच्या सरकारी प्लस कर्जालाही आता एका मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आहे. आमच्या घरी हे मी एकटीनेच वाचलंय, म्हणून मीच काळजी करते.

आता घरातले तीन पक्ष ऐका.

नवऱ्याचं म्हणणं, नावाचं कॉलेज घ्यायचं. पाहुणे आले की आम्ही त्यांना प्रिन्स्टनच्या आवारात फिरवतो, तिथे प्रत्येक वेळी तो कमानीखाली लेकीचा फोटो काढतो. गंमत म्हणजे तिथे प्रवेश मिळाला तर पैशांचा प्रश्नच उरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की अडीच लाखांपर्यंत उत्पन्नाच्या बहुतेक कुटुंबांना ट्यूशन (शिक्षणशुल्क) माफ, आणि दीड लाखापर्यंतच्या बहुतेकांना काहीच भरावं लागणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटीनेही दोन लाखांच्या आतल्यांना ट्यूशन माफ केलंय. छापील किमतीला सर्वांत महाग ती कॉलेजं आम्हाला सर्वांत स्वस्त पडतील. फक्त दार उघडायला हवं, आणि शंभरातल्या पाचांनाही ते उघडत नाही. ही लॉटरी आहे, तिकीट जरूर काढू, पण त्यावर संसार मांडू नये एवढंच माझं म्हणणं.

लेकीला लहान कॉलेज हवंय. हॅव्हरफर्ड आणि स्वार्थमोर पाहून आल्यापासून तिला दुसरं काही दिसत नाही. वर्गात वीस जण, प्रोफेसर नावाने ओळखतात, पुढे शिफारसपत्र चांगलं मिळतं. या कॉलेजांत मेरिट स्कॉलरशिप (उत्पन्न न पाहता गुणांवर मिळणारी) नाही, पण गरज जेवढी ठरेल तेवढी सगळी ते भागवतात. गरज कोण ठरवणार? तेच.

आणि मी रटगर्सच्या, म्हणजे आमच्या राज्य विद्यापीठाच्या, बाजूची. घरापासून पंधरा मिनिटं. ट्यूशन आणि फी मिळून १८ हजारांच्या आसपास, घरून गेली तर एवढ्यातच भागेल. नवरा म्हणतो, "एवढं करून शेवटी रटगर्सच?" त्या 'शेवटी'वरून आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालंय.

आता खरी मदत हवीय ती इथे.

पहिलं, नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला किती भरावं लागेल त्याचा अंदाज. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर तो कायद्यानेच असतो. मी एका रविवारी आठ कॉलेजांचे भरले. एकच उत्पन्न, एकच घर, तरी एका खासगी कॉलेजने वर्षाला ३१ हजार दाखवले आणि दुसऱ्याने ५२ हजार. दोन्ही 'शंभर टक्के गरज भागवतो' म्हणणारीच. शोधता शोधता लक्षात आलं, की फरक घराच्या किमतीचा आहे. फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, राहत्या घराची किंमत विचारत नाही. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे बरीच खासगी कॉलेजं मागतात तो वेगळा अर्ज, ती विचारतो, आणि कोणतं कॉलेज ती किती धरतं हे ज्याचं त्याचं. आम्ही २०१२ ला घेतलेलं घर आज कागदावर भलतंच झालंय. त्या किमतीने आमच्या ताटात काय पडलं? प्रॉपर्टी टॅक्स वाढला, बस.

दुसरं, गावची जमीन. हा प्रश्न इथल्या कुठल्याच काउन्सेलरला समजावता आला नाही. वाईजवळ सासऱ्यांची साडेतीन एकर आहे. ते गेल्यावर सातबाऱ्यावर सासूबाई, नवरा, दीर आणि नणंद अशी चौघांची नावं लागली. वाटणी झालेली नाही. विकायचं म्हटलं तर चौघांच्या सह्या हव्यात, आणि दीर तर विषय काढला तरी फोन ठेवतो. पण फॉर्म म्हणतो, राहत्या घराखेरीज जी स्थावर मालमत्ता असेल, कुठल्याही देशात, ती लिहा. किंमत कशी लावायची? रेडीरेकनरने, का शेजारच्या प्लॉटवाल्याने सांगितलेल्या भावाने? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लपवायचं नाही हे ठरलेलं आहे, तसले सल्ले कृपया देऊ नका. सासूबाईंच्या औषधपाण्यासाठी दरमहा पैसे पाठवतो, ते कुठे दाखवता येतात का?

तिसरं, आमचा जुना शहाणपणा. बारशापासून वाढदिवसांपर्यंत आजोबा, मामा, आत्या सगळ्यांनी दिलेले पैसे आम्ही लेकीच्याच नावावर यूटीएमए खात्यात (मालकी मुलाची, सज्ञान होईपर्यंत सांभाळायचं मोठ्यांनी) टाकत गेलो. आता ते २२ हजार झालेत. फाफ्साच्या हिशोबात आईवडिलांच्या बचतीतले जास्तीत जास्त ५.६४ टक्के धरतात आणि मुलाच्या नावावरच्या पैशांतले थेट २० टक्के. मुलीच्या नावाने ठेवा म्हणून तेव्हा मीच हट्ट केला होता.

चौथं, मेरिट. प्रिन्स्टन-हार्वर्डसारखी आयव्ही कॉलेजं ते देतच नाहीत. पीएसएटीत (नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्तीची पहिली चाळणी परीक्षा) तिचा इंडेक्स, म्हणजे निवडीचा गुणांक, २१९ आला. न्यू जर्सीचा कट-ऑफ देशातल्या सर्वांत वरच्यांपैकी, गेल्या खेपेला २२५. अलाबामात घर असतं तर हीच पोरगी नॅशनल मेरिट सेमीफायनलिस्ट झाली असती. असो. पिट्सबर्ग, रॉचेस्टर आणि केस वेस्टर्न इथे मेरिट मिळू शकतं आणि तिन्ही ठिकाणी मोठं हॉस्पिटल आवाराला लागूनच आहे, म्हणजे शॅडोइंगसाठी (डॉक्टरांबरोबर राहून त्यांचं काम पाहायला) गाडी नको. यांपैकी कुठे कोणाची मुलं आहेत का? पहिल्या वर्षीचं मेरिट टिकवायला किती जीपीए लागतो आणि केमिस्ट्रीच्या पहिल्या दणक्यात ते किती जणांचं जातं, हे मला ऐकायचंय.

अर्ली डिसिजनबद्दलही सांगा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं कबूल करणं. लेक म्हणते, नोव्हेंबरला हॅव्हरफर्डला बांधून घेऊ, प्रवेशाची शक्यता वाढते. पण मग चार कॉलेजांचे आकडे समोर ठेवून तुलना करता येत नाही. मदत अपुरी पडली तर सोडता येतं म्हणतात. प्रत्यक्षात कोणी सोडलंय का?

भर, पाच दिवसांनंतर:

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकेक करून उत्तर देणं जमत नाहीये, म्हणून इथेच लिहिते.

यूटीएमएचे पैसे विकून, त्यावरचा कर भरून कस्टोडियल ५२९ मध्ये टाकले तर फाफ्सात ते आईवडिलांच्या बचतीसारखे धरले जातात, हे ज्यांनी सांगितलं त्यांचे आभार. पैसे तिचेच राहतात, टक्केवारी बदलते. सीएसएसवाली कॉलेजं वेगळं धरू शकतात, तिथे विचारून घेणार आहे.

जमिनीबद्दल दोघांनी एकच सांगितलं: फक्त नवऱ्याच्या हिश्शाची किंमत लिहा आणि सीएसएसच्या विशेष परिस्थितीच्या रकान्यात वाटणी न झाल्याचं व सासूबाईंच्या खर्चाचं सरळ दोन ओळींत मांडा. जोडीला सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर तयार ठेवा. नवऱ्याने लगेच डिजिटल सातबारा उतरवून घेतला. त्यात सासऱ्यांचं नाव अजून कंस करून दिसतं, ते पाहून थोडा वेळ गप्पच बसला.

काहींनी सात वर्षांचा बीएस-एमडी (पदवी आणि मेडिकल एकत्र) सुचवला. द कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि नेवार्कच्या मेडिकल स्कूलचा आहे, माहीत आहे, अर्ज करू. पण सतराव्या वर्षी हिला पुढची सात वर्षं बांधून घ्यायची नाहीयेत, आणि ते मला पटतं.

मिडलसेक्स या आमच्या दोन वर्षांच्या काउंटी कॉलेजबद्दलही विचारलंत. एनजे स्टार्स या राज्याच्या योजनेखाली वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांना काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ असते, लेक त्यात बसेल. पण काही मेडिकल स्कूलना सायन्सचे कोर्सेस चार वर्षांच्या कॉलेजात केलेले हवे असतात. तो पर्याय यादीत सर्वांत खाली ठेवलाय, काढलेला नाही.

"आइन्स्टाइन आणि एनवाययूला मेडिकलची ट्यूशनच माफ आहे, काळजी कशाला?" असंही एकाने लिहिलंय. आहे खरी. एनवाययूने २०१८ ला केली, ब्रॉन्क्सच्या आइन्स्टाइनला २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी शंभर कोटी डॉलर दिले. पण दादा, तिथली रांग बघितलीत का?

आत्तापुरतं एवढं ठरलंय: वर्षाला २५ हजारांच्या वर जाणारं कुठलंही कॉलेज लेकीने यादीत ठेवायचं असेल तर का, ते तिने आम्हाला लिहून द्यायचं. तिने काल हॅव्हरफर्डसाठी दीड पान लिहून दिलं. नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि काही न बोलता फ्रिजवर लावलं. कॅल्क्युलेटरचा आकडा अजून ३१ हजारच आहे.

रटगर्सला घरून जाऊन-येऊन प्रीमेड करणारं कोणी एडिसन-पिस्कटवे भागात असेल तर कृपया निरोप पाठवा. ऑर्गेनिकच्या वर्गात किती मुलं असतात आणि प्रोफेसरला भेटायला किती दिवस आधी सांगावं लागतं, हे लेकीला मुलांच्याच तोंडून ऐकायचंय. आईकडून नको म्हणते.