लॅपटॉपमधलं कॅशचं कार्ड काढण्याआधी मोड बघा

‘लॅपटॉप अडकत असेल तर त्यातलं ३२ जीबीचं एमसॅटा कार्ड सरळ काढून टाका, सगळा डेटा हार्ड डिस्कवरच असतो’ असा सल्ला मिळतो. हे अर्धंच खरं आहे. हे कार्ड म्हणजे हार्ड डिस्कचा वेग वाढवायला लावलेली छोटी एसएसडी, म्हणजेच कॅश. ती चालवणाऱ्या इंटेलच्या ‘स्मार्ट रिस्पॉन्स’ या सुविधेत दोन मोड असतात. ‘एन्हान्स्ड’मध्ये लिहिलेलं सगळं हार्ड डिस्कवर तेव्हाच्या तेव्हा उतरतं. ‘मॅक्सिमाइज्ड’मध्ये ते आधी कार्डावर जातं, हार्ड डिस्कवर नंतर. म्हणजे मधल्या वेळात तुमच्या फायलीची ताजी प्रत फक्त कार्डावर असते!

बहिणीच्या लॅपटॉपचं कार्ड मी असंच उपसलं होतं, मोड न बघता. विंडोज सुरूच होईना, आणि तिचा प्रबंध त्यात. तेच कार्ड परत खोबणीत बसवून स्क्रू आवळला, तेव्हा मशीन उठलं. मग इंटेलच्याच ‘रॅपिड स्टोरेज’ सॉफ्टवेअरमध्ये ‘अ‍ॅक्सलरेट’ टॅबवर जाऊन अ‍ॅक्सलरेशन (कॅशचा वापर) बंद केलं, ते पूर्ण होईपर्यंत थांबले आणि मगच कार्ड काढलं.

खरं तर निदानासाठी कार्ड काढायची गरजच नाही. अ‍ॅक्सलरेशन बंद करून दोन दिवस वापरा. अडकणं थांबलं तर दोष कॅशकडे; नाही थांबलं तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हार्ड डिस्कचे रीअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर बघा. आणि बायोसमधला (मशीनच्या मूळ सेटिंगमधला) साटा मोड, म्हणजे डिस्क कशी जोडायची ते ठरवणारं सेटिंग, या भानगडीत रेड (RAID) वरून एएचसीआय (AHCI) वर नेऊ नका, विंडोज निळ्या पडद्यावर अडकण्याची शक्यता असते.