विषय: सोमवारचं पत्रक, पान २, मिलिशियाला मराठीत काय लिहायचं?

प्रेषक: शाळा समिती
मंडळी, सोमवारच्या सहलीत मुलांना द्यायचं पत्रक उद्या रात्री प्रिंटला जाणार आणि घोडं अजून पान २ वरच अडलंय: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या मिलिशियाला, म्हणजे गावोगावच्या हत्यारबंद तुकड्यांना, काय म्हणायचं? गेल्या वर्षी आपण 'स्वयंसेवक सैनिक' लिहिलं आणि त्यावरून लेक्सिंग्टनच्या हिरवळीवरच किती वाद झाला ते सगळ्यांना आठवत असेलच. तिसरी-चौथीच्या मुलांना कळेल असा एक शब्द सुचवा. 'लेक्सिंग्टनचे मिनिटमेन' हे पुढचं वाक्य तसंच ठेवतेय. बस आणि खाऊचं इथे नको प्लीज.

प्रेषक: अ‍ॅक्टनवाले काका
स्वयंसेवक तर अजिबात नको. १६३६ मधे मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने, गावोगावच्या तुकड्यांच्या ३ रेजिमेंट बांधल्या, तेव्हाही हे सक्तीचंच काम होतं. साधारण १६ ते ६० वयाचा पुरुष असेल तर बंदूक स्वतःची आणायची, ठरल्या दिवशी कवायतीला यायचं, नाही आलं तर दंड. पाद्री वगैरे थोड्या लोकांना सूट. म्हणजे हौसही नाही आणि पगारी लष्करही नाही, गावाचं कर्तव्य.

आणि 'लेक्सिंग्टनचे मिनिटमेन' तर चुकीचंच आहे. १७७४ च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने सांगितलं की मिलिशियातले साधारण एक चतुर्थांश लोक वेगळे काढा, हाक आली की लगेच निघतील असे, ते मिनिटमेन. लेक्सिंग्टनने अशी वेगळी तुकडी केलीच नव्हती. कॅप्टन पार्करबरोबर १९ एप्रिल १७७५ ला पहाटे इंग्रज शिपायांसमोर उभे होते ते सत्त्याहत्तरच्या आसपास लोक साधे गावचे मिलिशियावाले. हिरवळीवरच्या पुतळ्यालाही सगळे मिनिटमन म्हणतात म्हणून हा घोळ होतो. मिनिटमेन बघायचे तर आमच्या अ‍ॅक्टनचे, आयझॅक डेव्हिसचे. तो स्वतः बंदुका बनवणारा कारागीर, त्याच्या लोकांकडे संगिनी होत्या म्हणून काँकर्डच्या पुलावर त्यांना पुढे घातलं आणि तो तिथेच मारला गेला. मुलगा स्काउटमधे होता तेव्हा त्याच्याबरोबर ती अ‍ॅक्टन ते पूल वाट मी चाललोय, पुलापाशी पोचल्यावर पोरगा बराच वेळ गप्प होता.

प्रेषक: वार्तापत्र संपादक
'शिलेदार' लिहा ना. शिलेदाराचं घोडं-हत्यार स्वतःचं, बारगीराला सरकारातून. चौथीच्या मुलांनी शिवाजी महाराजांच्या धड्यात हे वाचलंय. आणि एक विनंती, पत्रकाची भाषा दरवेळी शेवटच्या दिवशी ठरते, वार्तापत्राकडे आधी पाठवलं असतं तर मी महिनाभर आधीच तपासून दिलं असतं.

प्रेषक: वेस्टफर्डच्या वहिनी
शिलेदार नको. शिलेदार पोटासाठी चाकरी करायचा, मुदत संपली की दुसऱ्याकडे जायला मोकळा. यांना तशी मोकळीक नव्हती. हत्यार स्वतःचं एवढंच जुळतं. ते मात्र १७९२ च्या कायद्यात अगदी बारकाईनं दिलंय आणि मुलांना आवडेल: ठासणीची बंदूक, संगीन, २ जादा गारगोट्या, पाठीवरची पिशवी आणि निदान २४ काडतुसं मावतील असा डबा. सगळं ६ महिन्यांत स्वतःच्या खर्चानं. पण कायदा १८ ते ४५ वयाच्या गोऱ्या पुरुष नागरिकांपुरताच, हे गाळू नका. लेक्सिंग्टनला जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम होता. १७७५ ला गोळी खाल्ली आणि १७९२ च्या कायद्यात त्याच्यासारख्यांना जागाच नाही.

प्रेषक: समरव्हिलवाला, नवीन सभासद
घरून चालत पावडर हाउसपर्यंत, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या जुन्या कोठारापर्यंत, जातो मी रोज. १ सप्टेंबर १७७४ ला इंग्रज गव्हर्नर गेजच्या शिपायांनी तिथली बंदुकीची दारू उचलून नेली म्हणून सगळीकडे गावं उठली. ट्रिपमधे ते घेता येईल का? दारूचा साठा गावाकडे की सरकारकडे हाच सगळा झगडा होता, काँकर्डलाही ते साठाच शोधायला गेले होते.

प्रेषक: शाळा समिती
समरव्हिल बसच्या वाटेवर नाही. आणि पान ३ वर अमेरिकन घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतलं 'शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क' एवढंच घेतलंय, जागा नाही.

प्रेषक: वेस्टफर्डच्या वहिनी
ताई, हे तर आणखी चुकीचं. १७९१ च्या त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मिलिशियाचाच आहे, 'स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेला सुव्यवस्थित मिलिशिया आवश्यक असल्याने'. तोच कापला तर पान २ कशासाठी? आमची लेक दुसरीत आहे, शाळेत लॉकडाउन ड्रिल (बंदूकधारी शिरला तर लपायचा सराव) झालं की रात्री माझ्याजवळ झोपते. ती विचारणारच हा हक्क कुठून आला. अर्धं वाक्य मी तिच्या हातात देणार नाही.

प्रेषक: अ‍ॅक्टनवाले काका
वहिनींना पूर्ण अनुमोदन, पण उलट बाजूही खरी आहे. २००८ च्या हेलर निकालात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं सांगितलं की हक्क व्यक्तीचा आहे, मिलिशियात असो नसो. म्हणजे पूर्ण वाक्य द्या पण त्यावर आपलं मत नको. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेत 'सर्वांच्या संरक्षणासाठी' असे शब्द आहेत, तेही द्या, दोन्ही शेजारी ठेवले की मुलं स्वतः विचारतील. 'सुव्यवस्थित' ऐवजी 'कवायतीत तयार' लिहा, त्या काळी रोख त्यावर होता. आणि मिलिशिया म्हणजे नेहमी सरकारविरुद्ध असं नाही. १७८७ मधे स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर डॅनियल शेजच्या बंडातले कर्जबाजारी शेतकरी चालून आले तेव्हा त्यांच्यावर तोफ डागली ती मिलिशियानेच, ४ जण गेले, दोन्हीकडे तेच शेतकरी.

प्रेषक: वार्तापत्र संपादक
शिलेदार मागे घेतो. 'गावफौज' कसं वाटतं? फौजेत हुकूम येतो आणि गावात आपलेपणा येतो.

प्रेषक: शाळा समिती
गावफौज घेतलं. पान २: 'गावफौज, म्हणजे गावातल्या पुरुषांनी सक्तीनं, स्वतःची बंदूक घेऊन करायची राखण.' खाली काडतुसांची यादी आणि एस्टाब्रुक. 'लेक्सिंग्टनचे मिनिटमेन' काढलं, त्या जागी अ‍ॅक्टन. पान ३ ला दोन्ही वाक्यं पूर्ण, त्यासाठी खाऊची जाहिरात काढतेय, खाऊवाल्यांनी रागावू नये. काका, ड्राफ्ट आज रात्री पाठवते, सकाळी ८ च्या आत बघून द्या.