बुलेटचा बॉबर : डावा पेडल, उजवा ड्रम. काय करू?

मंडळी, खानापुरात घरीच जुन्या ३५० बुलेटचा बॉबर (जादा पत्रा काढून केलेली बुटकी, सुटसुटीत गाडी) करतोय. पार्ट सगळे भंगारातले. मागं १९ इंचीऐवजी बजाज ॲव्हेंजरचं १५ इंची चाक घातलंय. स्पिंडलचे (चाकाच्या दांड्याचे) बुश बेळगावच्या उद्यमबागला लेथवर करून घेतले, चेन सरळ चालते. घोळ ब्रेकचा. जुन्या बुलेटचा ब्रेक पेडल डावीकडं, या चाकाचा ड्रम उजवीकडं! आधी केबल वळवून नेली. पेडल दाबला की केबल रबरासारखी ताणते, चाक धरतच नाही. गियर उजवीकडं, म्हणून पेडल तिकडं नेता येत नाही. चेसी कापणार नाही, आरसी केए-२२ची (बेळगावची) चालू आहे. आता डाव्या पेडलचा जोर उजव्या ड्रमपर्यंत नेणारा आडवा शाफ्ट (दांडा) घालायचा म्हणतोय. कुणी घातलाय का? किती एमएमचा, आणि बुश कुठं बसवले?