सही करायच्या आधी सीट कुठली ते बघा

दादा, तुम्ही विचारलंय की पिझ्झाच्या फ्रँचायझीच्या करारात "वाद झाल्यास लवाद, सीट गुरुग्राम, लवाद कंपनी नेमणार" असं आहे (लवाद म्हणजे कोर्टाऐवजी वादाचा निवाडा देणारा पंच), तर साताऱ्यात बसून सही करू का. थांबा जरा. आमच्या मेव्हण्यानं सांगलीत विश्रामबागला चहा-स्नॅक्सची अशीच एक घेतली होती (नाव नको), कप, पावडर सगळं त्यांच्याकडनंच, रेट वाढवत गेले, रॉयल्टी विक्रीवर, नफ्यावर नाही, शेवटी भांडण झालं आणि तेव्हा कुठं गड्यानं 41 व्या पानावरचं कलम वाचलं! सीट म्हणजे नुसती सुनावणीला बसायची जागा नव्हे ओ, त्या जागेला व्हेन्यू म्हणतात. सीट जिथली तिथलंच कोर्ट, मग 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 9 खाली स्टे मागा नाहीतर 34 खाली लवादाच्या निवाड्याला आव्हान द्या (मुदत 3 महिने, वर फार तर 30 दिवस), सांगलीचं कोर्ट हात लावत नाही. प्रत्येक तारखेला वकील तिकडचाच.

लवाद त्यांनीच नेमायचा हे मात्र चालत नाही, 2019 ला सुप्रीम कोर्टानं पर्किन्स ईस्टमनच्या केसमध्ये सांगितलंय. पण वाद झाल्यावर ते गोड बोलून "आमचाच लवाद चालेल" असं लिहून घेतात, मग ते चालून जातं; मेव्हण्यानं तिथंच सही ठोकली.

सीट सातारा मागा, नाही म्हणाले तर निदान पुणे. डिपॉझिट भरायच्या आधी मागा, नंतर कोण ऐकतंय.