कोरोना नसता तर संगणक फर्नेसपर्यंत गेला असता का?

शिरोलीकर_फौंड्री: आमची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत लहान फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. 2020 पर्यंत हीट नंबर (फर्नेसमध्ये, म्हणजे भट्टीत, एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) कास्टिंगवर खडूनं आणि वहीत पेनानं. सॉफ्टवेअर विकायला कोण आलं की वडील चहा पाजून वाटेला लावायचे. लॉकडाऊननंतर पुण्याच्या गिऱ्हाइकानं ऑडिट व्हिडिओ कॉलवर मागितलं. पोरगं मोबाईल धरून मोल्डिंग लाइनवरनं फिरलं, काच काळी झाली, फर्नेसपाशी रेंजच गेली. त्या रात्री वडील म्हणाले, "बघ काय ते कम्प्युटरचं." माझं दहा वर्षांचं तोंड वाजवणं वाया गेलं होतं, कोरोनानं सहा महिन्यांत केलं.

हिशेबनीस: दादा, श्रेय भलत्यालाच देताय. मी कारखानदारांचेच हिशेब बघतो. 2020 ला कुणी अँटिव्हायरससुद्धा रिन्यू केला नाही! केंद्राचं विनातारण कर्ज आलं, आधीच्या येणे कर्जाच्या 20 टक्के. ते पगारात आणि स्क्रॅपच्या बिलांत जिरलं. खरी खरेदी झाली ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या धाकानं. ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना सक्ती, एप्रिल 2022 ला 20 कोटी, ऑगस्ट 2023 ला 5 कोटी. मर्यादा खाली आली की माझा फोन वाजायचा. यात विषाणू कुठं आला?

व्हीनस_कॉर्नर: आमचा गुरू पूर. ऑगस्ट 2019 ला दुकानातला कम्प्युटर पाण्यात गेला, सगळी उधारी त्यातच. लगेच टॅली क्लाउडवर नेलं. लॉकडाऊनमध्ये घरात बसून येणी मागितली. (दिली कुणी नाहीत, ते सोडा.)

शिरोलीकर_फौंड्री: @हिशेबनीस बिलापुरतं मान्य. पण कुठल्या हीटला किती रिजेक्शन, हे जीएसटीवाला विचारतोय व्हय? आमचा फर्नेसवाला बिहारचा. तो गावी गेला आणि चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) काय किती टाकायचं हा अंदाजही घेऊन गेला. वहीत निम्मंच होतं. तीन हीट वाया गेल्यावर अक्कल आली.

कोअरशॉप: मालक लोक बोलतायत म्हणून सांगतो. टॅब आलाय खरा. पण शिफ्टला आधी वहीत लिहायचं आणि सुटताना तेच टॅबमध्ये भरायचं. पगार तेवढाच.

हिशेबनीस: हे बघा! चार्जचं पटलं दादा. पण फर्नेसवाला परत आल्यावर तुमची नोंद चालू राहिली का? माझ्या बऱ्याच पक्षकारांनी दुसऱ्या वर्षीचं सॉफ्टवेअरचं भाडं भरलंच नाही.

शिरोलीकर_फौंड्री: चालू आहे. तोच भरतो आता, हिंदीत. वडील रोज वहीशी ताडून बघतात.