मदत हवी आहे: आईच्या रक्तात अपरिपक्व पेशी आढळल्या, केमोथेरपी थांबवावी का?

घोडबंदरकर (धागाकर्ता)
माझ्या आईची केमोथेरपी सुरू आहे. कालच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी २४,००० निघाल्या आणि त्यांत अपरिपक्व पेशी असल्याची नोंद आहे. कर्करोगाची गाठ अशाच अपरिपक्व मायलॉइड (पांढऱ्या पेशींच्या एका वंशातल्या) पेशी वाढवते आणि त्या पेशी गाठीशी लढणाऱ्या टी पेशींना दडपून ठेवतात, असे मी वाचले. केमोथेरपीने त्या नष्ट होतात असे एका लेखात आहे, तर दुसऱ्यात नेमके उलटे. परवा ठाण्यातच पुढचा डोस आहे. तो द्यावा की नाही, एवढेच कृपया सांगा.

पारसिक
कर्करोग कोणता, औषधे कोणती, डोस कितवा, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. ताप आहे का? १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर येथील उत्तरांची वाट न पाहता आत्ताच रुग्णालय गाठा.

घोडबंदरकर
ताप नाही. स्तनाचा कर्करोग आहे. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडचे दोन डोस झाले आहेत, दर चौदा दिवसांनी. पण माझा प्रश्न दमनकारी पेशींविषयी आहे.

खारघरवासी
मग काळजी कसली? सायक्लोफॉस्फामाइड नियामक टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना, मारतेच. माझ्या वडिलांना तोंडाच्या कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या कमी मात्रेच्या गोळ्या होत्या आणि त्यांचा चांगला उपयोग झाला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी या जोडीची सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाशी तुलना करणारी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध केली आहे. तुम्हीही कमी मात्रेचा आग्रह धरा.

पेशीवाचक
खारघरवासी, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. ती चाचणी डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगासाठी होती. सायक्लोफॉस्फामाइड रोज अगदी थोडे दिल्यास नियामक टी पेशी कमी होतात हे खरे; परंतु धागाकर्त्यांच्या आईंना दिली जाणारी मात्रा गाठीच्या पेशी मारण्यासाठी आहे आणि ती कमी करून घेणे म्हणजे मूळ उपचारच दुबळा करणे होय.

शिवाय येथे दोन निरनिराळ्या पेशींची गल्लत होते आहे. नियामक टी पेशी, ज्यांच्या शोधाशी निगडित संशोधनाला २०२५ चे नोबेल मिळाले, त्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या वेगळ्या वंशातल्या आहेत. धागाकर्ते ज्यांविषयी विचारतात त्या मायलॉइड वंशाच्या दमनकारी पेशी अस्थिमज्जेतून येतात आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवून टी पेशींची उपासमार करतात. फ्लुओरोयुरॅसिल या केमोथेरपीच्या दुसऱ्या औषधाने उंदरांमध्ये त्या घटल्या. उलट २००९ च्या एका अभ्यासात, आईंना चालू असलेल्या याच दोन औषधांवर असलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात त्या वाढलेल्या दिसल्या. म्हणजे आपण वाचलेले दोन्ही लेख आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

खारघरवासी
वाढतात असे म्हणता, मग औषध अपायकारकच ठरले ना?

पेशीवाचक
नाही. गाठ स्वतःच जीएम-सीएसएफ, इंटरल्युकिन-६ असे संदेश अस्थिमज्जेकडे पाठवून या पेशी मागवत असते. गाठ आकसली की ती मागणीही ओसरते. रक्तातल्या वाढीवरून उपचार फसला, असा निष्कर्ष निघत नाही.

तुळशीवृंदावन
आईंना रोज सकाळी गुळवेलीचा काढा द्या, प्रतिकारशक्ती वाढते.

पारसिक
ताई, कृपया नको. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे, आणि केमोथेरपीच्या औषधांचा भार यकृतावर आधीच असतो.

घोडबंदरकर, एक सांगा. डोसनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन दिले होते का?

घोडबंदरकर
हो, दुसऱ्या दिवशी पोटावर दिले होते. ते सर्वांनाच देतात असे समजून मी लिहिले नाही.

पारसिक
तेच तर सर्वांत महत्त्वाचे होते! ते इंजेक्शन म्हणजे जी-सीएसएफ. अस्थिमज्जेने घाईने न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पुरवावेत म्हणून ते देतात, आणि त्या घाईत काही अर्धवट वाढलेल्या पेशीही रक्तात येतात. आपल्याकडील आकड्याचे सर्वांत संभवनीय कारण हेच आहे. खात्री मात्र अहवाल पाहून डॉक्टरच करतील.

घोडबंदरकर
पण जी-सीएसएफ हाही गाठीचाच एक संदेश आहे, असे वाचले. मग इंजेक्शन दमनकारी पेशींनाच बळ देत नाही का?

पेशीवाचक
शंका रास्त आहे. काही गाठी जी-सीएसएफ सोडतात आणि उंदरांत त्यामुळे या पेशी वाढतात. तरीही दर चौदा दिवसांनी डोस द्यायचा, तर इंजेक्शनविना न्यूट्रोफिल इतके घसरू शकतात की साधा संसर्गही जिवावर बेतावा. आणि साध्या रक्ततपासणीतील अपरिपक्व पेशी दमनकारी आहेत की नाही, हे त्या अहवालावरून कळतच नाही. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रतंत्राने पेशींवरच्या अनेक खुणा तपासाव्या लागतात आणि ती तपासणी मुख्यतः संशोधनातच होते. डोस स्वतःहून थांबवू नका.

घोडबंदरकर
आत्ताच डॉक्टरांना इंजेक्शनची तारीख आणि अहवाल पाठवला. उद्या सकाळी दहाला त्यांनी आईला घेऊन बोलावले आहे.